डॉक्टर म्हणतात, जागेवरच आहे

माझा थोरला लिफ्ट दुरुस्त करतो. विशी सरायच्या आत त्याने हे काम धरलं आणि आता पन्नाशी ओलांडली, डोक्यावरचे केस निम्मे गेले, तरी तेच करतो. लोक ज्या खोलीत कधी डोकावत नाहीत, ती त्याची कचेरी. इमारतीच्या गच्चीवर टाकीशेजारी एक बुटकी खोली असते. आत मोटर, मोठं चाक आणि त्यावरून खाली अंधारात उतरणारे पोलादी दोर. उन्हाळ्यात तिथे तव्यावर बसल्यासारखं होतं. तो मात्र तिथून आला की चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखी शांतता असते, आणि शर्टाला ग्रीसचा वास.

त्याच्या वाट्याच्या इमारतींत त्याला खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. पहारेकरी त्याला लांबून बघूनच आत ओरडतो, "अहो, परत-येतो आले!" कारण काम संपवून निघताना हा प्रत्येक ठिकाणी तेवढंच बोलतो, "परत येतो." आणि येतो. नवे दोर घातले की ते वजनाने ताणले जातात, लिफ्ट मजल्यापेक्षा बोटभर खाली थांबायला लागते आणि म्हातारी माणसं अडखळतात. म्हणून काही दिवसांनी जाऊन दोर पुन्हा आवळावे लागतात. तेवढं सगळेच करतात. आमचा हा दाराचं साधं चाक बदललं, एक स्क्रू जरी आवळला, तरी दोन दिवसांनी परत जाऊन बघणार. त्याचा जोडीदार, ज्याला सगळे 'पाना' म्हणतात, तो कपाळाला हात लावतो. "काकू, ह्याचं लग्न झालं तेव्हा दुसऱ्या दिवशी सासरी जाऊन विचारून आला असेल, सगळं नीट चाललंय ना?"

त्यावर माझी सून म्हणते, "आला असता तर बरं झालं असतं. तक्रारी तेव्हाच सांगितल्या असत्या."

सून चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून बसवून तिची नजर अशी झाली आहे की समोरचा खोटं बोलायला लागला की ती नुसती मान तिरकी करते. तरीही गेल्या काही महिन्यांत आम्हा दोघींनाही ह्या माणसाने ताकास तूर लागू दिली नाही. ते कसं झालं, तेच सांगते आहे.

कंपनीने सगळ्या जुन्या कामगारांची तब्येत तपासून घेतली. तिथे डॉक्टरांनी ह्याला विचारलं, घरात कोणाला काही मोठा आजार? ह्याने सांगितलं, वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. मग त्यांनी रक्ताची आणखी एक तपासणी लिहून दिली. ह्याला त्रास म्हणाल तर काहीच नव्हता. लघवीला जळजळ नाही, अडखळणं नाही, पाठ दुखत नाही. रक्तातला आकडा मात्र असायला हवा त्याहून थोडा जास्त निघाला. सहाच्या आसपास. तिथून मोठ्या हॉस्पिटलात गेला, एमआरआय झाला, मग सुईने तुकडे काढून तपासायला पाठवले. बायोप्सी म्हणतात ती. अहवाल आला त्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. डॉक्टर बाई होत्या. ते कळल्यावर आमचे चिरंजीव दारातच थबकले.

"बाई आहेत?" त्याने सुनेला हळूच विचारलं.

"मग काय झालं? मी रोज पुरुषांचे डोळे तपासायला मदत करते. त्यांना नाही लाज वाटत."

"डोळे वेगळे," तो म्हणाला.

ते दोघं आत गेले. मी बाहेर बाकावर बसून राहिले. समोरच्या भिंतीवर पाणी भरपूर प्या असं लिहिलेलं होतं, ते मी इतक्या वेळा वाचलं की शेवटी अक्षरांना अर्थच उरला नाही.

बाहेर आल्यावर थोरला म्हणाला, "काही नाही, लक्ष ठेवायचं." आणि पाणी प्यायला निघून गेला. बाकी सगळं मला सुनेकडून कळलं. तिने चष्म्याची किंमत सांगावी तसं, न अडखळता सांगितलं. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी गाठ, म्हणजे ग्रंथी, तिच्यातून लघवीची नळी जाते. सगळ्या पुरुषांना ती असतेच. ह्याच्या गाठीतून बारा तुकडे काढले, त्यांतल्या दोनांत कॅन्सर आहे. पेशी सगळ्यांत सौम्य प्रकारच्या आहेत. एमआरआयमध्ये तो गाठीच्या आवरणाच्या आतच दिसतो, बाहेर पडल्याची काही खूण नाही. ऑपरेशन करता येतं, किरणं देता येतात, आणि तिसरा मार्ग म्हणजे काहीच न कापता कडक पहारा ठेवायचा. ठरलेल्या वेळी रक्त, मध्ये कधी एमआरआय, कधी पुन्हा बायोप्सी. वाढायला लागला असं दिसलं तर तेव्हा उपचार. डॉक्टरांच्या मते ह्याच्यासाठी पहाराच बरा. अशा प्रकारचा कॅन्सर पुष्कळांना जन्मभर त्रासच देत नाही म्हणे.

"म्हणजे कॅन्सर आत ठेवून घरी जायचं?" मी विचारलं.

"जागेवरच आहे तो, आई. पसरलेला नाही."

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई आहे. पेशी म्हणजे काय, ती वाढते कशी, हे मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं आहे. पण त्या ज्ञानाचा त्या बाकावर मला काडीचा उपयोग झाला नाही. मला ह्याचे वडील दिसत होते. त्यांची पाठ दुखायची. आम्ही शेक दिला, पट्टा आणला, गादी बदलली. शेवटी हॉस्पिटलात नेलं तेव्हा कॅन्सर हाडांत उतरलेला होता. तिथले डॉक्टर आमच्या देखत म्हणाले होते, "आता कापून उपयोग नाही." त्या वेळी थोरला माझ्या शेजारी उभा होता. वडिलांच्या चपला त्याच्या हातात होत्या. त्या वाक्याची मला एकटीलाच आठवण आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते.

अहवालानंतर काही दिवस तो नेहमीसारखा होता. मग गप्प झाला. आधी मला वाटलं, साहजिकच आहे. पण गप्प माणूस निदान एका जागी बसतो, हा बसेना. घरातल्या बिजागऱ्यांना तेल घातलं. न्हाणीघराचा गळका नळ, ज्याच्याखाली आम्ही भांडं ठेवायला शिकलो होतो, तो दुरुस्त केला. सुनेला हाताला धरून नेऊन पाण्याचा मुख्य कॉक कुठे बंद करायचा ते दाखवलं. ती म्हणाली, "मला कशाला? तू आहेस ना?" तर म्हणाला, "माहीत असलेलं बरं."

माझ्या खोलीतल्या कपाटाचं दार कित्येक वर्षं कुरकुरत होतं. लिफ्टवाल्याच्या घरात कपाटाला कोण विचारतो, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. एके सकाळी त्याने दार उतरवलं, घासलं, परत बसवलं. अगदी हलकं चालायला लागलं. मी म्हटलं, "आता परत कधी येणार बघायला?"

तो हसला नाही. आणि परत आलाही नाही. दोन दिवस गेले, चार गेले, त्याने त्या दाराकडे ढुंकून पाहिलं नाही. ज्याने आयुष्यभर स्क्रू आवळल्यावरही परत जाऊन बघितलं, तो आईच्या कपाटाकडे बघत नाही, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी संपलेलं आहे.

मी सुनेला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आई, कपाटाचं दार बघून तुम्ही माणसाची प्रकृती ओळखायला लागलात." पण तिचीही मान तिरकी झाली होती.

मग त्याने जाहीर केलं की पुढच्या महिन्यात त्याला कामासाठी बाहेरगावी जायचं आहे. मोठी इमारत, सगळ्या लिफ्टा नव्या, महिनाभर तरी लागेल. मी म्हटलं, तुझ्या वयाच्या माणसाला पाठवतात? तो म्हणाला, अनुभवी माणूसच लागतो. विषय संपला.

एका संध्याकाळी पाना घरी आला. थोरला अजून कामावरून आला नव्हता. सुनेने चहा ठेवला. पाना खुर्चीच्या कडेवर बसला, जसा तो कधी बसत नाही. एरवी तो आमच्याकडे मांडी घालूनच बसतो.

"काकू, एक विचारू? रागावू नका. हर्नियाला एवढी विश्रांती लागते का हो? माझ्या मेव्हण्याचं झालं, तो चार दिवसांत चालायला लागला."

"कोणाचा हर्निया?"

"आता काकू, माझ्यापासून काय लपवता? पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे म्हणून सगळ्या इमारती माझ्या गळ्यात मारल्यात त्याने. ते ठीक आहे, मी सांभाळीन. पण परवा मला म्हणाला, माझी हत्यारंही तूच ठेव. पाना, पक्कड, सगळं. माझ्याकडे आहेत म्हटलं. तर म्हणाला, ही चांगली आहेत."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचे कप तसेच. "आम्हाला तर तो बाहेरगावी चाललाय म्हणून सांगितलंय," ती म्हणाली.

पाना एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला. "म्हणजे मी आत्ता जे बोललो ते बोलायचं नव्हतं," तो पुटपुटला. मग चहा न पिताच उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "त्याला सांगू नका मी आलो होतो." आणि स्वतःच मान हलवून म्हणाला, "सांगा. सांगितल्याशिवाय कसं विचारणार?"

थोरला आला तेव्हा आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. त्याने पिशवी खाली ठेवली, आमची तोंडं बघितली, आणि पिशवी पुन्हा उचलली.

"बस," सून म्हणाली. "बाहेरगावच्या इमारतीला किती मजले आहेत?"

"बारा."

"आणि हर्निया कितव्या मजल्यावर आहे?"

तो बसला. बराच वेळ टेबलावर पडलेला एक दाणा बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिला. मग सगळं बाहेर आलं, तुटक तुटक. बायोप्सीनंतर आठवड्याभरात तो कोणालाही न सांगता एका तपासणी केंद्रात गेला आणि रक्त देऊन आला. का, तर गाठीला हात लावला होता. हात लावला की परत बघायचं, ही त्याच्या अंगातली सवय. तो आकडा आला अकरा.

"सहाचे अकरा झाले," तो म्हणाला. "काही आठवड्यांत. आता कळलं? डॉक्टर म्हणतात जागेवर आहे. जागेवर असलेली गोष्ट दुप्पट होते का?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही त्याच्यासारखंच वाटलं. पसरला. वडिलांसारखाच हाडांकडे निघाला.

"मग डॉक्टरांना का नाही दाखवला तो आकडा?" सुनेने विचारलं.

"आणि त्यांनी म्हटलं असतं, आता कापून उपयोग नाही, मग?"

तेव्हा मला कळलं की ते वाक्य त्याच्याही कानात इतकी वर्षं बसून होतं. म्हणून तो दुसऱ्या एका हॉस्पिटलात गेला. तिथे सर्जनला पहिले सगळे अहवाल दाखवले, हा अकराचा आकडा मात्र दाखवला नाही. मला काढूनच टाकायचं आहे म्हणाला. त्यांनी सांगितलं, पहारा ठेवता येईल, पण तुमची इच्छा असेल तर करू, आधी सुयांच्या जखमा भरू द्या. आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. ह्याचा हिशोब असा की एकदा पोट उघडलं की मग कोणी नाही म्हणू शकत नाही.

"एक तार तुटली म्हणून अख्खा दोर बदलतोस का तू?" सून ओरडली. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "लिफ्ट बंद करून सगळ्यांना जिन्याने पाठवतोस?"

"दोर माझ्या अंगात नाही," तो म्हणाला.

मनातून मला त्याचंच पटत होतं. काढून टाका. उद्या काढता येत असेल तर उद्या. मी तसं म्हणालेही. सुनेने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उठून टेबल पुसायला लागले.

शेवटी ठरलं एवढंच, की पहिल्या डॉक्टरांकडे जायचं आणि अकरा दाखवायचे. तो तयार होईना. सून म्हणाली, "तू नाही आलास तर मी पान्याला घेऊन जाईन. तो तुझी सगळी माहिती देईल, आणि वर दोन गोष्टी पदरच्या घालेल." मग तयार झाला.

ह्या वेळी मीही आत गेले. थोरला म्हणाला, "आई, तू बाहेर बस." मी म्हटलं, "तुला न्हाऊ-माखू घालून मोठा केलाय, मला काय नवीन आहे?" डॉक्टरबाईंनी खाली मान घालून हसू दाबलं.

त्यांनी तो आकडा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "रक्त कधी दिलंत हे?"

"बायोप्सीनंतर. आठवड्याभराने."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

डॉक्टर मागे टेकून बसल्या. "अहो, आम्ही त्या गाठीत बारा वेळा सुई खुपसली. ती सुजते, दुखावते, आणि जे तपासतो तेच द्रव्य तिच्यातून रक्तात उतरतं. आकडा चढणारच. कॅन्सर नसलेल्या माणसाचाही चढला असता. तो खाली यायला काही आठवडे लागतात. त्या काळात हा आकडा आम्हाला काहीच सांगत नाही."

"म्हणजे पसरला नाही?" मी विचारलं.

"ह्या आकड्यावरून पसरला असं म्हणता येत नाही. बाकीच्या तपासण्यांत तो आतच आहे, आणि ह्या जातीचा कॅन्सर काही आठवड्यांत उड्या मारत नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. दोन महिने जाऊ द्या, मग रक्त द्या. मी सांगेन तेव्हा. अधेमधे नाही."

थोरल्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं, पण क्षणभरच. त्याने विचारलं, "वडिलांचाही कधीतरी जागेवरच असेल ना?"

डॉक्टरांनी घाईने उत्तर दिलं नाही, ते मला आवडलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा कोणी बघत नव्हतं. त्यांच्या पेशी तुमच्यासारख्या सौम्य होत्या की नाही, तेही माहीत नाही. आजाराचं नाव एक असलं तरी सगळ्यांचा आजार एक नसतो. घरात झालेला आहे म्हणून तुमच्यावर मी जास्त बारीक नजर ठेवणार आहे. शंभर टक्के काही होणार नाही असं मी लिहून देणार नाही. बदल दिसला तर वेळेत दिसावा, म्हणूनच हा पहारा."

मग त्या ऑपरेशनबद्दल बोलल्या. ते वाईट नाही, हवं असेल तर करा, तो तुमचा हक्क आहे. पण त्यानंतर काही आठवडे, कधी काही महिने लघवीवर ताबा राहत नाही, थोड्यांना तो त्रास कायमचा राहतो. नवरा-बायकोच्या संबंधांतही अडचण येऊ शकते. आज जो त्रास नाही तो अंगावर घ्यायचा का, ते ठरवा. थोरला जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. मी एकदम खिडकीबाहेरच्या झाडाचं निरीक्षण सुरू केलं. सून मात्र सरळ डॉक्टरांकडे बघून एकेक प्रश्न विचारत होती. शरमेपोटी हा माणूस जन्मात विचारणार नाही, असे प्रश्न.

"तारीख भीतीने घेतलीत की विचार करून, एवढं घरी जाऊन स्वतःला विचारा," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर फुटपाथवर थोरला थांबला. गाड्यांच्या आवाजात त्याने मला विचारलं, "आई, तू सांग. काढू की ठेवू?"

काढ, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेव्हाही मला तेच हवं होतं आणि आजही हवं आहे. ज्या गोष्टीने माझा नवरा नेला ती माझ्या मुलाच्या अंगात भाडेकरूसारखी राहते आहे, हे मला सहन होत नाही. पण ते सोसायचं त्याला, त्याच्या बायकोला. मी म्हटलं, "मला विचारू नकोस. मी काढच म्हणणार. मी आई आहे, माझं मत धरू नकोस."

सून म्हणाली, "हे मात्र पहिल्यांदाच ऐकलं."

तो मोठ्याने हसला. किती दिवसांनी. मग तिथेच उभ्या उभ्या त्याने दुसऱ्या हॉस्पिटलला फोन लावला आणि तारीख सोडली. "विचार बदलला," एवढंच म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "हो, नक्की. नाही, नक्की म्हणजे आत्तापुरतं नक्की."

ते दोन महिने कसे गेले ते मी सांगत नाही. तो कामावर जात होता. पान्याने हत्यारं परत आणून दिली आणि त्यातली पक्कड मात्र आपल्याकडेच ठेवली. "हर्नियाची फी," म्हणाला. शेवटी रक्त दिलं. अहवाल फोनवर आला तेव्हा थोरला जेवत होता. त्याने उघडला नाही. फोन सुनेपुढे सरकवला. तिने चष्मा लावला, वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. सहाच्याही थोडा खाली.

तो जेवत राहिला. डोळे मात्र भरले होते. सुनेने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, मी समोर होते म्हणून. मी उठून आत गेले.

जीवात जीव आला, हे खरं. पण ते काही महिन्यांपुरतं. मग पुन्हा रक्त, पुन्हा फोन, कधीतरी पुन्हा त्या सुया. हे असंच चालायचं, कदाचित मी असेन तोवर, कदाचित त्यानंतरही. त्याला ते जमायला लागलंय असं दिसतं. मला जमत नाही. काल सकाळी तो न्हाणीघरात जरा जास्त वेळ होता. मी काही ठरवून गेले नव्हते, पण दाराबाहेर जाऊन उभी राहिले होते, श्वास धरून, आतला आवाज ऐकत.

आतून तो म्हणाला, "आई, दाराशी उभी राहू नकोस. दाढी करतोय."

"मी कुठे उभी आहे?" मी म्हटलं आणि तिथेच उभी राहिले.